खारात टिकणारे रंग

दिवाळी जवळ आली की अजूनही बायका दारात येऊन विचारतात, "सगुणाबाई, यंदा कुठले रंग?" जणू मी साबण नव्हे, बांगड्या भरते. मी आता कढईला हात लावत नाही. सून करते, आणि बरा करते. पण रंग विचारायला लोक माझ्याकडेच येतात म्हणून तोंड वाकडं करते. करू दे. तिला अजून हळदीचा भरवसा वाटतो, म्हणजे शिकायचं बरंच राहिलं आहे.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आहे आणि जावई ओसरीवर बसून लिहितो आहे. मध्येच लेखणी थांबवून "हे असंच लिहू का?" म्हणून विचारतो. अक्षर चांगलं, अक्कल बेताची. हेही त्याला लिहायला लावलं आहे.

आम्ही तेली. कसब्यात आमचा घाणा होता. सकाळी तेली समोर आला की लोक परत घरात जातात, पाणी पितात आणि मग निघतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे मात्र त्याच तेल्याच्या घरचं तेल चोळल्याशिवाय कोणाचं पाप धुऊन निघत नाही. मला याचं वाईट कधी वाटलं नाही, हसू मात्र पुष्कळदा आलं. मोठ्या घरांत मी नेहमी दुपार कलल्यावर आणि मागल्या दाराने जात असे. कोणाचं काम बिघडलं तर ते माझ्या तोंडाने बिघडलं असं व्हायला नको.

साबण मला अमीनाबीने शिकवला. आमच्या बोळाच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचं अत्तराचं दुकान होतं. घराणं मूळ सुरतेकडचं, पण तीन पिढ्या पुण्याचं पाणी प्यालेलं. ती घरापुरता साबण करायची आणि तेल आमच्याकडून न्यायची. एकदा मी विचारलं, एवढ्या तेलाचं करतेस काय? तिने हात धरून नेलं आणि कढईपुढे बसवलं. शिकवायला कोणी एवढं उतावळं असतं हे मी पुढे कधी पाहिलं नाही.

कृती सांगायला सोपी आहे. सज्जीखार आणि चुनकळी पाण्यात कालवून ठेवायची, वरची निवळ काढून घ्यायची. ते खारपाणी तेलात घालून मंद जाळावर घोटत बसायचं. हात भरून येतात, डोळे चुरचुरतात, आणि मग कधीतरी कढईतलं सगळं मिळून येतं, पिठल्यासारखं दाटतं. ते ताटात ओतायचं, थापायचं, वड्या पाडायच्या आणि महिना-सव्वा महिना सावलीत वाळवायच्या. ओली वडी अंगाला लावली तर साल निघेल. पाणी कात्रजच्या नळाचं, हौदावरून आणलेलं. आमच्या बोळातल्या विहिरीच्या पाण्याला फेस येत नाही, नुसता राग येतो.

राहिला रंग. लोकांना वाटतं, साबणाचा रंग म्हणजे कपड्याचा रंग. बुडवला की झालं. तसं नाही. अमीनाबी म्हणायची, "खार कुणाचा सगा नाही, बेटी." झाडापानांचे रंग खारात गेले की घाबरतात. हळद पिवळी घाला, डोळ्यांदेखत लाल होते. बरोबरच आहे, कुंकू तरी दुसरं कशाचं करतात? पण कुंकवाचा लाल टिकतो, साबणातला टिकत नाही. वाळता वाळता विटकरी होतो आणि शेवटी जुन्या कौलासारखा दिसतो. रतनजोत तेलात माणकासारखी उतरते आणि खार पडला की जांभळी-निळी होऊन बसते. कडुलिंबाचा हिरवा महिनाभरात शेणकट. केशर घालणाऱ्याला मी घरी जाऊन दूध प्यायला सांगते. झाडांपैकी शब्दाला जागते ती एक नीळ.

मातीचे रंग मात्र इमानी. काव घातली की वडी तांबूस, पिवडी घातली की पिवळी, शंखजिऱ्याने पांढरी. आज घाला, पुढल्या दिवाळीला पाहा, तोच रंग. पण दगडमातीतही सगळे सज्जन नसतात. शेंदूर, हिंगूळ, हरताळ, मोरचूद हे दिसायला देखणे आणि पोटात काळे. मोरचुदाने साबण पोपटासारखा होतो आणि अंग भाजतं. अमीनाबीच्या घरी या चौघांना दारबंदी होती, मीही ती चालवली.

एका सराफाच्या बायकोला कुंकवासारखा लाल साबण हवा होता. मी म्हटलं, टिकाऊ लाल फक्त हिंगळाचा, आणि तो मी घालणार नाही. मंजिष्ठ घालून देते. मंजिष्ठेची वडी निघाली वांग्याच्या सालीसारखी. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "भरीत चांगलं होईल." वडी परत केली नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या दिवाळीला वांग्याचाच साबण मागवला.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून बसले आहे ती सांगते. श्रीमंत पेशवे वाड्यात होते तेव्हाची.

शनिवार पेठेत एका मोठ्या ब्राह्मण घरी आमच्याकडून तेल जाई. साबण नाही. त्या घरांत साबण अंगाला चालत नसे. त्यात चरबी असते म्हणत, आणि बाजारच्या साबणात ती असेही. उटणं, शिकेकाई, रिठे, बस्स. एक दिवस तिथून निरोप आला की मोठ्या बाईंनी बोलावलं आहे.

मोठ्या बाई म्हणजे त्या घरच्या सासूबाई. विधवा, केशवपन झालेल्या, डोक्यावरून तांबडं आलवण ओढलेलं आणि हातात जपाची माळ. त्यांचं बोलणं अडकित्त्यासारखं, दोन तुकडे करून मोकळं. त्यांचा थोरला मुलगा अण्णा घर चालवी. वाईट माणूस नव्हता. त्याच्या तोंडून कोणी कधी शिवी ऐकली नाही. शास्त्रात आहे ते झालं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. आणि कोतवालीपासून शास्त्रीमंडळापर्यंत त्याचं येणंजाणं असल्यामुळे ते होतही असे. धाकटा मुलगा दप्तरात कारकून होता. स्वारीबरोबर गेला आणि वाटेत तापाने गेला. त्याची बायको यमूताई. सोळा-सतराची असेल.

"हिच्या डोक्यात खवडे झालेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "वैद्याचे लेप झाले. तू तेलाचाच साबण करतेस म्हणतात. करंजेलाचा करून दे. चरबी नको."

यमूताई खाली बसल्या आणि पदर मागे सारला. जागोजाग खपल्या, त्यातून पाणी येत होतं. पण केस होते. खवड्यांमधून, जिथे जागा मिळेल तिथे, काळेभोर, मानेपर्यंत आलेले केस. मला वाटलं, पोर लहान आहे म्हणून राहू दिले असतील. विचारलं नाही. तेलिणीने विचारायचं नसतं.

मी करंजेलात कडुलिंब उकळून साबण केला. महिनाभर वाळवून घेऊन गेले. करंजेलाचा साबण मुळातच पिवळट निघतो. मोठ्या बाईंनी वडी हातातही घेतली नाही.

"पिवळा?"

"तेलाचा रंग आहे, बाई. हळद नाही त्यात."

"तुला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत? विधवेच्या अंगाला पिवळं लागलं म्हणतील."

बरोबर होतं. मी ते तोंडात मारल्यासारखं घेतलं आणि परत आले. दुसरा घाणा काव घालून केला. म्हटलं, आलवणाचाच रंग आहे, आता काय म्हणतील? वाळवायला पुन्हा महिना गेला. मोठ्या बाई म्हणाल्या, "ही तुळशीवृंदावनाला लावायची की डोक्याला? लाल नको." नीळ आणि पिवडी मिळवून हिरवट केला, तर म्हणाल्या, "चुडा भरायचाय का तिला?" शंखजिऱ्याचा पांढरा नेला. तो हातात घेऊन म्हणाल्या, "दह्यासारखा आहे. सोवळ्यात विटाळ वाटतो." याला काय अर्थ? दह्याचा विटाळ मी जन्मात ऐकला नव्हता.

घरी येऊन मी पुष्कळ बडबडले. नवरा म्हणाला, "सोड ते गिऱ्हाईक." पण मला हट्ट चढला होता. एक म्हणजे त्या पोरीचं डोकं डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुसरं म्हणजे, सगळ्या पुण्यात साबणाच्या रंगाला मला कोणी नावं ठेवली नव्हती आणि ही बाई चार वेळा ठेवून बसली होती. एवढे दिवस फुकट गेल्यावर नुसत्या करंजेलाने भागणार नाही हेही कळत होतं. अशा जखमांना हळद हवी. हळद घालायची आणि दिसू द्यायची नाही, असा रंग कोणता?

अमीनाबी तेव्हा थकली होती, खाटेवरून उठत नव्हती. तिला विचारलं. ती म्हणाली, "नारळाच्या करवंट्या जाळ. त्या कोळशापुढे सगळे रंग सारखे."

करवंट्यांचा कोळसा वस्त्रगाळ केला. करंजेल, कडुलिंब, चांगली मूठभर हळद, आणि वरून कोळसा. वडी निघाली शाळिग्रामासारखी. फेसही करडा, हळदीचा मागमूस नाही. इतकी नेटकी वडी माझ्या हातून आधी झाली नव्हती आणि नंतरही क्वचितच झाली.

या वेळी अण्णा घरी होते, सोप्यात उभे. मोठ्या बाईंनी वडी घेतली. पालथी केली, उजेडाकडे धरली, मग नाकाशी नेली. बराच वेळ धरली.

अण्णा म्हणाले, "आई, काळ्यात तर काही वावगं नाही ना?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही. काही नाही."

मी घरी गेले ती हवेत तरंगतच. नवऱ्याला म्हटलं, हरली की नाही म्हातारी?

वड्या लागू पडल्या. पुढच्या खेपेला गेले तर पाणी यायचं थांबलं होतं, कडेच्या खपल्या सुकून गळत होत्या. यमूताईंनी मला परसात विहिरीपलीकडे बोलावलं. मला वाटलं, पोर आनंदाने काहीतरी हातावर ठेवणार.

"सगुणामावशी," त्या म्हणाल्या, "साबण फार चांगला झाला आहे. जरा वाईट करता येईल का?"

मला कळेना. मी म्हटलं, झोंबतो का? वास आवडत नाही का?

"झोंबत नाही. आवडतो." मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत सांगितलं. "दहाव्यालाच न्हावी आणला होता. त्याने डोकं पाहून हात जोडले. वैद्यबुवा म्हणाले, कातडी धरेपर्यंत वस्तरा लावायचा नाही, रक्त नासेल. म्हणून केस राहिलेत. अण्णांनी आता न्हाव्याला वर्षश्राद्धाच्या आतलं सांगून ठेवलंय. काल दिवा धरून त्यांनी डोकं पाहिलं. म्हणाले, छान, तेलिणीच्या हाताला गुण आहे."

मी तिथे पायरीवर खाली बसले.

त्या पुढे म्हणाल्या, "मी नखांनी उकरून पाहिलं. पण तुझा साबण लागला की परत भरून येतं." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. दुखणं किती आहे हे मला दिसत होतं आणि केस किती आहेत हेही. त्यांनी जे तोललं होतं ते मी तोलायला बसण्यात अर्थ नव्हता.

"खार जास्त घाल," त्या म्हणाल्या.

"ते मी करणार नाही," मी म्हटलं. "औषध काढून घेईन. विष घालणार नाही."

घरी आले आणि कढई चढवायला हात होईना. साबण बिघडला म्हणून मी घाणेच्या घाणे टाकून दिलेत, पण मुद्दाम बिनगुणाचा कधी केला नव्हता. आणि भीतीही होती. अण्णांना कळलं असतं तर आमचा घाणा बंद पडायला एक चिठ्ठी पुरली असती. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस, बोलणं कमी. बैलाला वैरण टाकता टाकता म्हणाला, "तिळाचं साधं तेल वापर. करंजेल महाग आहे." एवढंच.

केला. तिळाचं तेल, खारपाणी, कोळसा. ना कडुलिंब, ना हळद. शेजारी ठेवल्या तर जुनी वडी कोणती आणि नवी कोणती ते मला स्वतःला सांगता येईना. रंगाचं काम लोकांना चांगलं दाखवायचं असतं असं मी तोवर समजत होते. त्या वड्या यमूताईंच्या हाती दिल्या तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

खवडे परत आले. वर्षश्राद्ध तसंच झालं. अण्णांनी वैद्य बदलला, नव्या वैद्यानेही तेच सांगितलं. मी दर थोड्या दिवसांनी वड्या पोचवत होते, आणि दर वेळी बोळातून निघताना देवाला सांगत होते की आज अण्णा भेटू नयेत.

एका खेपेला मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. एकट्याच होत्या. पुढ्यात पाटावर माझी वडी.

"हळदीचा वास येत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी वडी नाकाशी नेली.

"पहिल्या काळ्या वड्यांना येत होता. चांगला येत होता. डोळ्यांना कोळसा दिसतो, सगुणे, नाकाला दिसत नाही. तू रंग लपवलास, वास लपवायला विसरलीस."

"बाई, तेव्हा बोलला नाहीत."

"तेव्हा बोलले असते, तर विधवेच्या साबणात हळद घातलीस म्हणून अण्णाने तुला दारात उभं केलं नसतं. अण्णा शेजारी उभा. मग काय बोलणार?" त्यांनी माळ बाजूला ठेवली. "चार वेळा तुला परत पाठवली. दह्याचा विटाळ काढला. तुला वाटलं असेल, थेरडी खट आहे. इतकी हुशार तेलीण, आणि थोडी वेंधळी निघाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिवळा का नको, लाल का नको, हिरवा का नको. एकेका रंगापायी महिना-सव्वा महिना जात होता, आणि तेवढे दिवस पोरीच्या डोक्यावरचे केस राहत होते. मी मात्र ईर्ष्येने रंग शोधत सुटले होते.

मी म्हटलं, "बाई, आपण एक शब्द टाकला तर? आपला मुलगा आहे."

"मी बोलले तर तो शास्त्र्यांना विचारील. शास्त्री पोथी काढतील. खवड्यांना कोणी पोथी विचारत नाही." मग आलवण कपाळावर सारखं करत म्हणाल्या, "माझं डोकं अगदी स्वच्छ होतं. न्हावी म्हणाला, बाई, वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला."

असं त्या साध्या आवाजात म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या घरात त्यांना हे कोणाला सांगता आलं नसेल आणि सांगितलं ते एका तेलिणीला, याचं मला अजूनही फार वाटतं.

"हाच दे," त्या म्हणाल्या. "वास तेवढा सांभाळ. अण्णाचं नाक अजून त्याच्या वडिलांसारखं झालेलं नाही, पण होईल. कापूर घाल थोडा, औषध वाटेल."

"किती देऊ?"

"मी आहे तोवर पुरेल इतका."

त्या पुढे बरीच वर्षं होत्या. त्या वर्षांत मी त्या घरी कापूर घातलेले काळे साबण दिले, आणि यमूताईंच्या डोक्यावर खवडे आणि केस दोन्ही राहिले. दर वेळी परसात त्या पदर सारून दाखवायच्या. किती आलेत खवडे, आणि किती वाढलेत केस. पाठीपर्यंत आले होते. विंचरता येत नसत, जखमांना फणी लागे. बोटांनीच गुंता सोडवायच्या, हळूहळू, कोणी यायच्या आत. अमीनाबी त्याच सुमारास वारली. तिला मी हे सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "गुनाह असेल तर माझ्या नावावर लिही. कोळसा मी सांगितला." मी म्हटलं, वाटून घेऊ.

मोठ्या बाई एका हिवाळ्यात गेल्या. चार दिवसांचा खोकला, बस्स. मला बाजारात कळलं. दिवस होईपर्यंत थांबले आणि वड्या फडक्यात बांधून मागल्या दाराने गेले. मनात म्हणत होते, वैद्य तर तोच आहे, डोकं तर तसंच आहे, वस्तरा लागायचा नाही.

यमूताई धुण्याच्या दगडाशी बसल्या होत्या. अंगावर आलवण. मी फडकं सोडलं तर त्यांनी हाताने थांबवलं आणि डोक्यावरचा पदर मागे घेतला.

काही नव्हतं. खवडे होते, त्यांच्यावरून वस्तरा फिरलेला होता, आणि ते ठिकठिकाणी फुटून वाळले होते.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या. "न्हावी नको म्हणत होता. अण्णा म्हणाले, आईपायी इतकी वर्षं थांबलो. अण्णांना माहीत होतं, मावशी. सगळं माहीत होतं."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. माझ्या फडक्यातली एक वडी त्यांनी उचलली, परत ठेवली.

"हा आता नको. आता बरा करणारा दे. दर महिन्याला फिरणार तो वस्तरा. कातडं तरी धड असू दे."

घरी येऊन मी करंजेल घेतलं, कडुलिंब घेतला, हळद घेतली आणि रात्र पडायच्या आत कढई उतरवली. कोळशाचं मडकं शेजारीच होतं. नवऱ्याने ते पुढे सरकवलं. मी मागे सारलं. त्या साबणात मी रंग घातला नाही. त्या घरात आता कोणापासून काही लपवायचं उरलं नव्हतं.